बेळगावातनं नील आयलंड: एक सॅक, ५ रजा आणि साधारण पंचवीस हजार

आपल्याकडं समुद्र म्हटलं की चोर्ला घाट. शनिवारी रात्री ग्रुपवर ठरतंय, रविवारी पहाटे गाडी काढायची, जांबोटीत चहा मारायचा, कणकुंबी करत खाली उतरायचं, दुपारपर्यंत गोव्याच्या कुठल्यातरी बीचवर आणि रात्री परत येताना घाटात धुकं, मागच्या सीटवर झोपलेली पोरं. मीपण कितीतरी वर्षं तेच केलं. वैताग आला तो गर्दीचा. पाण्यात उतरलो तरी कानात डीजे, चटई टाकली की लगेच कोणीतरी मेनूकार्ड घेऊन हजर. तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा तरी अशा बेटावर जाऊन राहायचं जिथं संध्याकाळी लाटेशिवाय दुसरा आवाज नाही, आणि तेपण पगारदार माणसाच्या खिशात बसलं पाहिजे. तसं जाऊन आलो, त्याचा हा सगळा हिशोब, कारण गल्लीतले चौघं-पाच जण रोज विचारायलेत आणि प्रत्येकाला वेगळं सांगून मी दमलोय.

आधी बेट कुठलं ते. जवळचं बघायला गेलं तर मलपेसमोर सेंट मेरीज आहे, बघायला सुंदर, पण तिथं रात्री राहता येत नाही, बोटीनं जायचं आणि बोटीनं परत. मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी तर स्कूबावाल्यांचं, तिथंपण मुक्काम नाही. लक्षद्वीप सगळ्यांच्या तोंडात आहे सध्या, पण तिथं जायला आपल्या भारतीयांनापण परमिट लागतंय, आणि सगळं मिळून सॅकवाल्या माणसाच्या बजेटच्या बाहेर जातंय. मग राहिलं अंदमान. तिथं पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील असल्या नेहमीच्या ठिकाणी भारतीयांना परमिट लागत नाही, आधार कार्ड बास. (आदिवासी राखीव भाग सोडून, तिथं जायचंच नाही, तो विषय संपला.)

नावांचा घोळ आधी मिटवून घ्या, नाहीतर तिकीट काढताना गडबडाल. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. बोटीच्या तिकिटावर नवं नाव, रिक्षावाल्याच्या तोंडात जुनं. आपल्याला बेळगाव-बेळगावीची सवय असल्यानं काही जड जात नाही म्हणा. मी खाली जुनीच नावं लिहितोय, सोपं पडतंय.

आता हॅवलॉक की नील. सगळे हॅवलॉकला पळतात, कारण राधानगर बीच, आणि तो आहेच देखणा, खोटं कशाला बोलू. पण शांतता पाहिजे आणि पैसे कमी आहेत तर नील. बेट एवढंसं आहे की सायकलवर एका दिवसात सगळं बघून होतंय, चौदा चौरस किलोमीटरच्या आत सगळं. भातशेती, केळी, सुपारी, भाजीचे मळे, मधूनच एखादी गाय रस्त्यात बसलेली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या लोकांना सरकारनं तिथं जमिनी दिल्या, त्यांचीच ही गावं. बीचची नावं तर घरच्यासारखी: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर.

एक गोष्ट डोक्यात पक्की करून मग बाकीचं प्लॅनिंग करा. या ट्रिपचा खर्च बेटावर राहण्यात होत नाही, बेटापर्यंत पोचण्यात होतोय. विमान आणि बोट मिळून अर्ध्यापेक्षा जास्त पैसे जातात, आणि तुम्ही नीलला एक रात्र राहा की पाच, ते पैसे तेवढेच. एकदा पोचलं की दिवसाला हजार-बाराशेत भागतंय. तरी लोक काय करतात, सहा दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग, सगळं कोंबतात, रोज सॅक भरा, रोज बोट पकडा, रोज नवीन हॉटेल, आणि घरी येऊन म्हणतात अंदमान लई महाग बुवा. महाग होणारच की. एका जागी बसा.

तारखा कशा काढायच्या

सीझन साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. मे महिन्यात तिकडं पाऊस सुरू होतोय आणि नंतर समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, मग बसा जेट्टीकडं बघत. नोव्हेंबरमध्येपण मधूनच पाऊस आणि वारा असतोय. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मुळीच नको, सगळ्याचे दर दुप्पट. मला विचाराल तर जानेवारी संपताना ते मार्चच्या मध्यापर्यंत. पाणी शांत, आकाश साफ, शाळांच्या सहली नाहीत. शिवाय आपल्याकडं तेव्हा लग्नसराईपण पूर्ण सुरू झालेली नसते, म्हणजे घरातनं कोण अडवत नाही.

रजेचा हिशोब असा. शुक्रवारी संध्याकाळी बेळगाव सोडायचं, शनिवार बेंगळूर, रविवारी पहाटेचं विमान, रविवार रात्र पोर्ट ब्लेअर, सोमवारी बोटीनं नील, सोमवार ते शुक्रवार पाच रात्री तिथं, शनिवारी परत पोर्ट ब्लेअर, रविवारी विमान, रविवारी रात्रीची ट्रेन, सोमवारी सकाळी बेळगाव. रजा फक्त पाच लागल्या. रविवारचं विमान जरा महाग पडतंय हे खरं, रजा शिल्लक असतील तर मंगळवार-बुधवार बघा, दोन-तीन हजार सहज वाचतील.

शनिवारी परत यायचं आणि रविवारी विमान, हा जो मधला एक दिवस आहे तो कापायचा मोह होतोय. कापू नका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा शहाणपणा केला, सकाळची बोट आणि त्याच दुपारचं विमान असं जुळवलं, आणि त्या दिवशी वाऱ्यामुळं बोटच सुटली नाही. विमान गेलं, नवीन तिकीट ऐनवेळच्या भावानं काढलं, त्या पैशात नीलला आणखी दहा दिवस राहून झालं असतं. चूक माझीच. समुद्र काय आपल्या टाइमटेबलवर चालतोय होय.

बुकिंगचा क्रम

पहिलं विमान. बेंगळुराहून थेट विमानं आहेत, चेन्नईहून जास्त आहेत. चेन्नईहून दोन तासांच्या आसपास, बेंगळुराहून अडीच. दोन-अडीच महिने आधी काढलं तर जाऊन-येऊन बारा-तेरा हजारांत बसतंय, महिनाभर आधी बघाल तर सतरा-अठरा दिसतंय. सांबऱ्याहून, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळावरनं, बेंगळूरला विमान आहे, पण बजेट ट्रिपमध्ये त्याचा उपयोग नाही, तेवढ्या पैशात नीलला चार दिवस निघतात.

जहाजाचं पण विचारतात लोक. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला सरकारी प्रवासी जहाजं जातात, बंक क्लास स्वस्त असतोय, पण चेन्नईहून जवळजवळ तीन दिवस लागतात, आणि जहाज रोज नसतंय, तारखा पुढं-मागं होतात. रिकामटेकडा काळ असेल, कॉलेज संपलेलं असेल, तर जा, आयुष्यभर सांगत बसाल. नोकरीवाल्यानं तो नाद करू नये.

दुसरं बोट. पोर्ट ब्लेअरहून नीलला दोन प्रकारच्या बोटी आहेत. सरकारी फेरी फिनिक्स बे जेट्टीवरून सुटते, दोन-अडीच तास घेते, डेकवर उभं राहता येतंय, वारा खाता येतोय, कधी उडणारे मासे दिसतात. खासगी बोटी एसी, बंद काचा, जरा लवकर पोचतात, एका बाजूचे हजार-बाराशेपासून पुढं. सरकारी तिकीट बरंच स्वस्त, पण ते प्रवासाच्या थोडेच दिवस आधी खुलतंय आणि लगेच संपतंय, आणि तिथल्या स्थानिकांना पहिला हक्क असतोय, तो असायलाच पाहिजे, त्यांची ती लाल परी आहे. मी काय करतो, जाताना खासगी आधीच काढून ठेवतो म्हणजे डोक्याला ताप नाही, आणि येतानाचं सरकारी बघतो. बोटीत ओळखपत्र मूळ पाहिजे, झेरॉक्सवर भांडत बसू नका.

तिसरी खोली, आणि इथं उलटं करायचं. पोर्ट ब्लेअरची पहिली रात्र आणि नीलच्या पहिल्या दोन रात्री एवढंच बुक करा. बाकीच्या तिथं जाऊन. ऑनलाइन जी झोपडी अठराशेला दिसत होती तीच समोर जाऊन, पाच दिवस राहणार म्हटल्यावर, दोघांत बाराशेला मिळाली. भाव करताना आवाज चढवायचा नाही, आपल्या गणपत गल्लीतली घासाघीस तिकडं चालत नाही. जास्त दिवस राहतो, खोली रोज साफ नको, जेवण तुमच्याकडंच करतो, असं सांगितलं की मालक स्वतःच कमी करतोय.

बेळगाव सोडताना

राणी चन्नम्मा एक्सप्रेस संध्याकाळी पकडली की पहाटे-सकाळी बेंगळूर. स्लीपरचं तिकीट विमानाबरोबरच काढून टाका. ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळूर वंदे भारतपण सुरू झालीय, पहाटे निघून दुपारी पोचते, पैसे जास्त पण शनिवारी सकाळी निघालं तरी चालतंय. बेंगळुरात आपलं कोणी ना कोणी असतंयच, प्रत्येक घरातला एक पोरगा तिकडं आयटीत. त्याच्या रूमवर आंघोळ, जेवण, झोप, आणि रात्री मेजेस्टिकवरून विमानतळाची वायुवज्र बस. कॅब केली तर हजार रुपये विनाकारण जातात. पोर्ट ब्लेअरची बरीच विमानं सकाळी लवकर असतात, म्हणून रात्री अकरालाच जाऊन विमानतळावर पाठ टेकलेली बरी, तीन वाजता उठून धावण्यापेक्षा.

सॅक सात-आठ किलोच्या आत. आठ किलो म्हणजे किती ते कळत नाही, घरातल्या वजनकाट्यावर एकदा ठेवून बघा. तीन टीशर्ट, दोन हाफ पँट, एक फुल पँट संध्याकाळच्या डासांसाठी, पंचा (टॉवेल नको, टॉवेल तिथल्या दमट हवेत वाळत नाही आणि कुबट वास मारतोय), एक पातळ चादर, टॉर्च, टोपी, मागून पट्टा असलेली सँडल. साधी चप्पल पाण्यात जाते आणि प्रवाळावर पाय कापतो, ती जखम लवकर बरी होत नाही. ओआरएस, डासांचं मलम, बँडेज, नेहमीच्या गोळ्या चिठ्ठीसकट. पोहण्याचा मास्क आणि स्नॉर्कल स्वतःचं घेतलं तर उत्तम, तिथं रोज भाडं देण्यापेक्षा दोन वेळात पैसे वसूल, आणि दुसऱ्यानं तोंडात घातलेलं आपल्याला नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये टाकू देत नाहीत.

आता खरं सीक्रेट. ज्वारीची कडक भाकरी. आपल्याकडं खानावळीत, बाजारात पापडासारखी पातळ कडक रोट्टी मिळते, ती पंधरा-वीस घ्या, स्टीलच्या डब्यात नीट रचा, आणि शेंगदाण्याची चटणी पाव किलो. महिनाभर काही होत नाही. विमानतळावर दोनशे रुपयांचं सँडविच बघून हसू येतंय मग. नीलला सकाळी सहाला बीचवर जायचं तेव्हा हॉटेलं उघडलेली नसतात, तेव्हा हीच भाकरी, चटणी आणि जोडीला तिथलं केळं. भाकरीचा चुरा झाला तरी टाकू नका, चटणी-कांदा घालून भेळेसारखा खा. फक्त सुक्या खोबऱ्याच्या वाट्या सॅकेत ठेवू नका, विमानात त्या चालत नाहीत, सिक्युरिटीला बाहेर काढायला लावतात. आणि अर्धा किलो कुंदा जास्तीचा घ्या. मी तो खोलीच्या मालकिणीला दिला, त्या बंगाली, दूध आटवलेलं गोड म्हटल्यावर विचारूच नका, दुसऱ्या दिवसापासून ताटात माशाचा एक तुकडा जास्त यायला लागला.

पोर्ट ब्लेअरची पहिली संध्याकाळ

विमानतळ गावातच आहे, अॅबर्डीन बाजार तीन-चार किलोमीटर. रिक्षा किंवा बस. स्वस्त लॉज आणि डॉर्म अॅबर्डीन बाजाराच्या आसपास, तिथून जेट्टीपण जवळ. पहिल्या दिवशी दोन कामं, एटीएम आणि बोटीची खात्री. नीलला एटीएम आहे पण त्यात पैसे असतीलच असं नाही, नेट गेलं की यूपीआय बंद. समुद्राखालून चेन्नईपर्यंतची फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून नेट बरंच सुधारलंय, पण छोट्या बेटावर भरवसा नको. माणशी सहा-सात हजार रोख घेऊन चला, दोन ठिकाणी वाटून.

भाषेचं टेन्शन मुळीच नाही. तिथं सगळे हिंदी बोलतात, बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडून आलेले, सगळ्यांना जोडणारी हिंदी, आणि तीपण आपल्यासारखीच मोडकीतोडकी. एका दुकानात मराठी, पुढच्यात कन्नड, रिक्षात हिंदी असं आयुष्य काढलेल्या बेळगावच्या माणसाला तिथं एकदम घरच्यासारखं वाटतंय.

अंधार लवकर पडतोय हे लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच, पण ती बेटं एवढी पूर्वेला आहेत की सूर्य आपल्यापेक्षा सव्वा तास आधी उगवतोय आणि तसाच आधी मावळतोय. डिसेंबरमध्ये पाचला सूर्य खाली. पहिल्या दिवशी आपण चार वाजता चहा पिऊन निवांत बीचवर निघतो आणि पोचेपर्यंत काळोख. पहाटे पाचला उठा, दुपारी झोपा, रात्री नवाला आडवे व्हा. दोन दिवसांत अंगवळणी पडतंय.

नीलवर

जेट्टीवर उतरलं की रिक्षावाले घेरतात, नमस्कार करून चालायला लागा, बाजार पायी पंधरा मिनिटांत येतोय. राहायला मला सीतापूरची बाजू आवडली, बाजारापासून पाचेक किलोमीटर लांब म्हणून स्वस्त आणि सामसूम. ज्यांना जेवणाची दुकानं जवळ पाहिजेत त्यांनी बाजाराजवळ किंवा लक्ष्मणपूरच्या वाटेवर बघावं. बांबूच्या झोपड्या फोटोत झकास दिसतात, पण आत डास, सरडे, आणि पंखा लाइट गेली की बंद. खोली घेताना मच्छरदाणी, नळाला गोडं पाणी आणि दाराची कडी तीनच गोष्टी बघा.

सायकल भाड्यानं घ्या. दिवसाला शंभर-दीडशे. स्कूटी पाचशेच्या आसपास, पेट्रोल वेगळं, ती एखाद्या दिवसापुरती ठीक. रस्ते बारीक चढ-उताराचे, सायकल आमच्या घरच्या मंडळींनीपण सहज चालवली, किल्ला तलावाला फेरी मारायचा सराव असेल तर काही त्रास नाही.

आता भरती-ओहोटी, ही गोष्ट कोण सांगत नाही आणि अर्धी ट्रिप त्यावरच अवलंबून आहे. आपण डोंगरातली माणसं, आपल्याला समुद्र म्हणजे कायम भरलेला वाटतोय. नीलच्या भोवती उथळ पाण्यात प्रवाळ आहेत, ओहोटी लागली की पाणी पार लांब जातंय आणि खडक उघडे पडतात, मग भरतपूर काय किंवा लक्ष्मणपूर काय, गुडघाभर पाण्यातसुद्धा नीट पोहता येत नाही. उलट लक्ष्मणपूर नंबर दोनच्या बीचकडं जो दगडी नैसर्गिक पूल आहे तो बघायला ओहोटीच पाहिजे, तेव्हाच खडकांतून चालत जाता येतंय आणि डबक्यांत छोटे मासे, खेकडे, समुद्रकाकड्या दिसतात. म्हणून पहिल्या संध्याकाळी मालकाला किंवा फोनवर भरतीची वेळ विचारा आणि कागदावर लिहा. ती रोज साधारण पाऊण-एक तास पुढं सरकते. अमावस्या-पौर्णिमेला ओहोटी जास्त मोठी, तेव्हा पुलाकडं जा. भरतीच्या आसपास पोहणं, ओहोटीला खडक, असा दिवस लावला की रिकामा वेळ जात नाही. प्रवाळावर पाय मात्र ठेवू नका, तो दगड नव्हे, जिवंत आहे, आणि तुमचा पाय पण कापतोय.

गर्दीचं गणित पण सांगतो. सकाळच्या बोटीनं एका दिवसाचे पर्यटक येतात, सगळे भरतपूरला ग्लास-बॉटम बोटीत आणि पुलावर फोटो काढायला, आणि दुपारनंतरच्या बोटीनं परत जातात. म्हणजे नवाच्या आधी आणि साडेतीननंतर बेट तुमचं. सूर्योदय सीतापूरला. तिथं लाटा मोठ्या असतात, पोहण्यापेक्षा बसायला चांगलं. दुपारी खोलीत झोप. सूर्यास्त लक्ष्मणपूर नंबर एकच्या बीचला. पांढऱ्या वाळूत आडवी झालेली झाडं आहेत, त्यांच्या सावलीत मी एक अख्खी दुपार काही न करता पडून होतो. फोन खोलीत. अशी दुपार शेवटची कधी मिळाली होती ते आठवेना.

जेवण बाजारातल्या छोट्या बंगाली खानावळीत. भात, डाळ, भाजी, आणि फिश थाळी घेतली तर त्या दिवशीचा मासा, मोहरीच्या तेलातला. पहिल्या घासाला नाक मुरडलं जातंय, तिसऱ्या दिवशी आवडायला लागतंय. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, बेटावर भाजी भरपूर पिकते, पोर्ट ब्लेअरला भाजी इथूनच जाते. बीचवरच्या मेनूकार्डवाल्या कॅफेत पास्ता-पिझ्झा दुप्पट-तिप्पट भावात मिळतोय, एकदा हौस म्हणून खा. पाण्याची बाटली घरनं न्या आणि खोलीवर भरून घ्या, तिथं एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकला बंदी आहे आणि कचरा शेवटी त्या एवढ्याशा बेटावरच राहतोय.

स्कूबा करायचं असेल तर मधल्या दिवसांत उरका. डायव्हिंगनंतर अठरा ते चोवीस तास विमानात बसायचं नाही, रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, तो धोका गमतीचा नाही.

भीती कशाची बाळगायची

मगर. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी आहेत. २०१० साली हॅवलॉकला राधानगरजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक बाईचा मगरीनं जीव घेतला. म्हणून जिथं बोर्ड आहे तिथं उतरायचं नाही, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ नाही, सांजावल्यावर आणि पहाटे अंधारात तर कुठंच नाही. मनाला येईल तिथं तंबू ठोकून बीचवर झोपायची आयडिया व्हिडिओत छान दिसते, ती सोडून द्या.

त्यापेक्षा जास्त छळणारी गोष्ट म्हणजे वाळूतली बारीक माशी, सँडफ्लाय. दिसत नाही, चावलेलं कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायावर लाल पुटकुळ्या आणि आठवडाभर खाज. संध्याकाळी ओल्या वाळूवर थेट बसू नका, चादर टाका, पायाला खोबरेल तेल जाड चोपडा. नख लावलं की संपलं. ऊनपण आपल्या उन्हासारखं नाही, हवा गार लागते म्हणून कळत नाही आणि रात्री पाठ भाजलेली असते. सकाळी दहा ते दोन सावलीत. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठ्या दुखण्याला पोर्ट ब्लेअरचं जी. बी. पंत हॉस्पिटल, आणि मध्ये समुद्र, म्हणून पाण्यात मर्दुमकी नको.

पैसे कुठं गेले

माणशी, दोघांनी खोली वाटून घेतली असं धरून, आणि दर बदलतात हे गृहीत धरून: विमान साडेबारा हजार, ट्रेन आणि विमानतळाच्या बसा दीड हजार, दोन्ही बोटी मिळून दोन हजार. हे झाले सोळा, यात काही कमी होत नाही. पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री चौदाशे, नीलच्या पाच रात्री तीन हजार, जेवणखाण साडेतीन हजार, सायकल आणि एक दिवस स्कूटी आठशे, बाकी रिक्षा-चहा-नारळपाणी हजार. पंचवीस-सव्वीस हजारांत बसलं. एकटे गेलात तर खोलीमुळं तीन-साडेतीन हजार वाढवा. दोन मित्रांनी जावं हे सगळ्यात बरं, चौघं गेले की ठरवाठरवीतच दिवस जातोय.

ज्यांच्याकडं दहा-बारा दिवस आहेत आणि नीलपण गजबजलेलं वाटतंय त्यांना लिटल अंदमान आहे, रात्रभराच्या सरकारी जहाजानं हट बे, लांबलचक ओसाड किनारे आणि सर्फिंगच्या लाटा. किंवा लाँग आयलंड, लालाजी बे नावाचा किनारा, तिथं मुक्काम आणि जायची वाट आधी गावात नीट विचारून. रस्त्यानं उत्तरेकडं जाणार असाल तर मधला जंगलाचा पट्टा जारवा आदिवासींचा राखीव भाग आहे, ताफ्यातनंच गाडी सोडतात आणि फोटो काढणं गुन्हा आहे. मला विचाराल तर तो रस्ताच टाळावा, बोटीनं जावं, माणसं बघायला आपण काय प्राणिसंग्रहालयात गेलोय होय.

परत येताना

शनिवारी पोर्ट ब्लेअरला आलात की तो राखलेला दिवस सेल्युलर जेलला द्या. १९०६ मध्ये पूर्ण झालेली इमारत, सात पाकळ्यांपैकी आता तीनच उरल्यात. सावरकर इथं १९११ पासून १९२१ पर्यंत होते, त्यांचे थोरले बंधू बाबारावही इथंच. लहानपणापासून वाचलेलं असतंय, तरी त्या कोठडीत उभं राहून वरच्या बारीक झरोक्याकडं बघितलं की आपोआप आवाज खाली येतोय. संध्याकाळी लाइट अँड साउंड शो असतो, तिकीट दुपारीच काढून ठेवा.

रात्री सॅक पूर्ण रिकामी करून परत भरा. शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, पोरांनी खिशात टाकलेलं काहीही असलं तर बाहेर. ते उचलायलाच बंदी आहे, विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसतंय आणि मग समोरच्या लोकांसमोर सॅक उलटी करायची पाळी येते. दुकानातनं विकत घेतलंच असेल तर परवान्याची पावती जपून ठेवा.

रविवारी बेंगळूरला उतरलं की संध्याकाळी स्टेशनजवळ पोटभर इडली-वडा, रात्रीची ट्रेन, सकाळी बेळगाव. ऑफिसला जायच्या आधी सॅक गच्चीवर उन्हात उलटी करून झटका, चेन साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर खाऱ्या हवेनं महिनाभरात जाम होतात. डबा मात्र स्वयंपाकघरात उघडू नका, बाहेरच झाडा, माझ्या डब्यातनं भाकरीच्या चुऱ्याबरोबर एक छोटा खेकडा निघाला होता, मेलेला, आणि त्यावरून घरात अजून बोलणी खातोय.